रंगावर जाऊ नका : काडीकिडा, नाकतोडा आणि टोळ ओळखावेत कसे?



भादव्याचं ऊन पडू लागलं, बांधावरचं गवत गुडघ्याला लागलं, की आमच्याकडे काड्यापेट्या येऊ लागतात. कुणी पोस्टाने पाठवतो, कुणी बाजाराच्या दिवशी हातात आणून देतो. पेटी उघडावी तर आत एखादा किडा, बहुधा एक पाय तुटलेला, आणि सोबत चिठ्ठी : “साहेब, हा टोळ आहे काय? असल्यास औषध कोणते मारावे?” अलीकडे पेटीच्या जागी मोबाइलवरचा फोटो येतो. प्रश्न मात्र तोच.

या पेट्यांत काय काय निघतं म्हणता? कधी वाळलेल्या काटकीसारखा काडीकिडा. कधी खंडोबाचा किडा. कधी रुईवरचा पिवळा-निळा नाकतोडा, तर कधी भातावरचा हिरवा. टोळ मात्र आजवर एकाही पेटीत निघाला नाही. तरीसुद्धा चिठ्ठी लिहिणाराला आम्ही हसत नाही. विचारून मग औषध मारणारा शेतकरी शहाणाच म्हणायचा. काळजी वाटते ती न विचारता मारणाऱ्याची.

एका गावची गोष्ट सांगतो. ज्वारीत लांब मानेचे, मोठ्या डोळ्यांचे किडे दिसले. शेजारी म्हणाला, टोळाची पिल्लं आहेत, उद्या शिवार खाऊन टाकतील. गृहस्थाने उसनवारीने औषध आणले आणि चार पंप मारले. किडे मेले. पंधरा दिवसांत ज्वारीवर मावा चढला, पाने चिकट झाली. जे मेले ते खंडोबाचे किडे होते, म्हणजे शेतातले राखणदार. त्यांच्याबरोबर माव्याचा फडशा पाडणारे ढालकिडेही गेले. पैसे गेले, राखणदार गेले आणि दुखणे मात्र नवीन आले.

औषधाचा धोका नुसता पिकाला नसतो, हेही विसरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून जी फवारणी करायची गरजच नाही, ती टाळणे हे पहिले शहाणपण. त्यासाठी किडा ओळखता आला पाहिजे.

दुसरी बाजूही आहे. मे २०२० च्या अखेरीस वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरले. संत्र्याच्या बागा आणि भाजीपाला धोक्यात आला. अशा वेळी “नाकतोडेच असतील” म्हणून झोपणाऱ्या गावाची रात्र वाया जाते. टोळांचा बंदोबस्त करण्याची खरी वेळ रात्र आणि पहाट हीच असते. म्हणजे उगाच घाबरणे वाईट आणि उगाच निर्धास्त राहणेही वाईट.

रंग का फसवतो?

किडा दिसला की आपण आधी रंग बघतो. हिरवा तो नाकतोडा, पिवळा तो टोळ, असे मनाशी ठरवून टाकतो. इथेच चूक होते. गुरांची जात आपण रंगावरून ठरवतो का? बांधा, शिंगे, वशिंड, कपाळ बघतो. किड्यांचेही तसेच करावे.

वाळवंटी टोळच घ्या. तो एकेकटा राहतो तेव्हा त्याची पिल्ले हिरवी असतात. दाटीने वाढली की तीच पिल्ले पिवळी-काळी होतात. थव्यातल्या टोळाला नवे पंख फुटतात तेव्हा तो गुलाबी असतो आणि अंडी घालण्याच्या वयात आला की पिवळा होतो. हिरवा, काळा, गुलाबी, पिवळा असे चार रंग झाले, पण जात एकच. टोळाचा रंग जात सांगत नाही, त्याचे वय आणि त्याच्या भोवतीची गर्दी सांगतो.

यात भलेभले शास्त्रज्ञही फसले होते. एकेकटा राहणारा एक नाकतोडा आणि थव्याने उडणारा एक टोळ या दोन वेगळ्या जाती आहेत, असे बरीच वर्षे समजले जात होते. १९२१ साली बोरिस उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की या दोन जाती नसून एकाच किड्याच्या दोन अवस्था आहेत. दाटी झाली की रंग बदलतो, बांधा थोडा बदलतो आणि वागणूक तर पुरतीच बदलते. एरवी एकमेकांना टाळणारा किडा कळपात शिरतो. पुढे प्रयोगांत असेही दिसले, की दाटीत मागच्या पायांना वारंवार एकमेकांचा स्पर्श होणे एवढ्यानेही हा बदल सुरू होतो.

टोळ आणि नाकतोडा यांतला मुख्य फरक हाच. दोघे एकाच कुळातले. गर्दी झाली की जो स्वभाव बदलून थव्याने उडतो तो टोळ, आणि जो कितीही वाढला तरी आपल्याच शिवारात राहतो तो नाकतोडा.

किडा हातात घेऊन काय बघावे?

सकाळी लवकर, अंग गार असताना, हे किडे सहज सापडतात. रुमालात धरावा. मागच्या दोन्ही मांड्या एकत्र धरल्या तर पाय तुटत नाही आणि लाथही बसत नाही. मग खालच्या क्रमाने बघावे. रंग सगळ्यात शेवटी.

१. पाय : मागच्या मांड्या जाड आणि लांब आहेत काय? असतील तर तो उडी मारणारा, म्हणजे नाकतोडा किंवा टोळ. सहाही पाय बारीक काड्यांसारखे असतील तर काडीकिडा. पुढचे दोन पाय काटेरी, विळ्यासारखे मिटलेले असतील तर खंडोबाचा किडा.

२. मिशा : मिशा अंगापेक्षा आखूड आणि थोड्या जाड असतील तर नाकतोडा किंवा टोळ. दोऱ्यासारख्या बारीक आणि अंगापेक्षाही लांब असतील तर तो रातकिड्याच्या जवळचा, पानासारख्या पंखांचा लांब मिशांचा नाकतोडा. तो टोळ नव्हेच.

३. मानेवरचे खोगीर : डोक्यामागे मान झाकणारी खोगिरासारखी ढाल असते. तिच्यावर रेघा आहेत की पट्टे, आडवे की उभे, ते बघावे.

४. गळा : किडा उलटा करावा. पुढच्या दोन पायांच्या मधोमध छोटी खुंटी आहे काय? डोळ्यांना नीट दिसली नाही तर काडीच्या टोकाने चाचपून बघावी.

५. आतले पंख : वरचा चिवट पंख उचलून आतला पातळ पंख पसरावा. तो काचेसारखा आहे, लालसर आहे, की पंखच आखूड आहेत?

ही पाच ठिकाणे बघायला दोन मिनिटे लागतात. आता एकेक किडा घेऊ.

काडीकिडा : दिसायला विचित्र, पण निरुपद्रवी

पुस्तकांत याला यष्टिकीटक म्हणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर सह्याद्रीच्या झाडीत, बागेत, कुंपणावर हा दिसतो. दिवसभर काटकीसारखा पडून राहतो आणि रात्री पाला खातो. हात लावला तर उडी मारत नाही. वाऱ्याने काडी हलावी तसा जागच्या जागी डुलतो, नाहीतर पाय आखडून खाली पडतो आणि मेल्याचे सोंग घेतो. पाय ओढला तर पाय सोडून निघून जातो. पिल्लाचा पाय गेला असला तर पुढच्या काती टाकताना तो पुन्हा फुटतो.

काडीकिड्यांतही पुष्कळ जाती आहेत आणि त्या एकमेकींसारख्याच दिसतात. इथे रंग फारच फसवतो. एकाच आईची पिल्ले कुणी हिरवी, कुणी तपकिरी निघतात. शिवाय नर बारीक आणि किडकिडीत, तर मादी त्याच्या दीडपट जाड. पाहणाराला त्या दोन जाती वाटतात. म्हणून जाणकार आधी मिशा बघतात. काही जातींच्या मिशा पुढच्या मांडीपेक्षाही आखूड असतात, तर काहींच्या पुढच्या अख्ख्या पायाएवढ्या लांब. मग पंख आहेत की मुळीच नाहीत, ते बघतात. डोक्यावर आणि पाठीवर काटे आहेत की गुळगुळीत, तेही बघतात. एवढे करूनही शंका राहिली तर अंडी बघतात. काडीकिड्याची अंडी कठीण कवचाची, हुबेहूब बियांसारखी असतात आणि प्रत्येक जातीच्या अंड्याचा आकार आणि त्यावरची नक्षी वेगळी असते. मादी ती पुंजक्यात न घालता एकेक करून खाली टाकत जाते.

दक्षिण भारतातला एक काडीकिडा तर जगभरच्या शाळांत आणि प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याच्या माद्या नरावाचूनच अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. त्याच्या मादीची खूण म्हणजे पुढच्या पायांच्या मुळाशी आतल्या बाजूने असलेला लाल रंग. मात्र हा लाल रंग नेहमी त्याच जागी असतो, म्हणून तो खूण म्हणून चालतो. अंगभर बदलणारा रंग चालत नाही.

तुमच्या-आमच्या पिकांना काडीकिड्यापासून घाबरण्याचे कारण नाही. कुंपणावर दहा-वीस दिसले तरी औषध मारू नये. पोरांना दाखवावा आणि सोडून द्यावा.

पण काडीसारखा दिसला म्हणजे काडीकिडाच, असेही नाही. सोयाबीनवर किंवा एरंडीवर काडीसारखी ताठ उभी राहणारी आणि चालताना पाठीची कमान करणारी असते ती उंटअळी. ती पाने खाते आणि तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. तिला लांब पाय नसतात, हा फरक.

खंडोबाचा किडा : याला जपा

तिकोनी डोके मान वळवून आपल्याकडे बघते आणि पुढचे पाय हात जोडल्यासारखे मिटलेले असतात, तो खंडोबाचा किडा. काही भागांत यालाही नाकतोडाच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. हा पाला खात नाही. माश्या, अळ्या, तुडतुडे, नाकतोड्यांची पिल्ले, जे हाती लागेल ते धरून खातो. याची पिल्ले बिनपंखी, मोठ्या डोळ्यांची असतात आणि तीच लोकांना टोळाची पिल्ले वाटतात. खूण सोपी आहे : टोळाचा जोर मागच्या मांडीत, खंडोबाच्या किड्याचा जोर पुढच्या पायात.

नाकतोडे : भाऊ-भाऊ, पण वेगवेगळे

आता उडी मारणाऱ्यांकडे वळू. यांतले बहुतेक तुमच्या ओळखीचे आहेत.

भातावरचा नाकतोडा : हिरवट-पिवळा, मिशा आखूड. खोगिरावर आडव्या काळ्या बारीक रेघा, मागच्या नडग्या निळसर. भात, ज्वारी, मका, ऊस यांची पाने कडेने खातो. जोर असला तर नुसती शीर राहते आणि लोंबीही कुरतडली जाते.

त्याचा जाड पट्ट्यांचा भाऊ : ठेवण तीच, पण खोगिरावरचे काळे पट्टे जाड आणि पुष्कळांचे पंख आखूड. हा ज्वारी, बाजरी, मका अशा जिरायती पिकांत अधिक. दोघांचा बंदोबस्त सारखाच असल्यामुळे यांतला नेमका कोण हे कळले नाही तरी फारसे बिघडत नाही.

दख्खनचा बिनपंखी नाकतोडा : पूर्ण वाढला तरी याला पंख फुटत नाहीत. आपल्या पठारावर आणि कर्नाटकात ज्वारी-बाजरीवर याने पूर्वी पुष्कळ नुकसान केले आहे. म्हैसूर संस्थानातले कीटकशास्त्रज्ञ कोलमन यांनी १९१० च्या सुमारास याचा अभ्यास केला आणि त्यांचेच नाव याच्या शास्त्रीय नावात आले. बिनपंखी दिसला की लोक टोळाचे पिल्लू समजतात. पिल्लाच्या पाठीवर पंखांचे कोंब असतात आणि ते काती टाकत मोठे होतात. हा मात्र कार्तिकातही बिनपंखीच राहतो.

जमिनीवरचा मातकट नाकतोडा : दोन-अडीच सेंटिमीटरचा, ढेकळासारखा खडबडीत. जमिनीलाच चिकटून राहतो आणि उगवती रोपे कुरतडतो. आकारावरूनच तो टोळ नव्हे हे कळते.

निमुळत्या डोक्याचा नाकतोडा : डोके लांब आणि टोकदार, मिशा चपट्या पात्यासारख्या. गवताच्या काडीला चिकटून बसला की अगदी काडीकिडा वाटतो. मागचे पाय बघा, उडी मारणारे आहेत. गवतात राहतो, नुकसान थोडे.

रुईवरचा नाकतोडा : हा सगळ्यांत रंगीत. पिवळ्या अंगावर निळे-हिरवे पट्टे, आतले पंख लाल. पिल्ले पिवळी, त्यांवर काळे आणि लाल ठिपके. रुईचा विषारी चीक पचवत असल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. दाबला तर पिल्लू पाण्यासारखी पिचकारी मारते. रुईच्या एका झाडावर हे पाच-पन्नास एकत्र दिसतात आणि पिवळा रंग व गर्दी पाहून माणूस दचकतो. मे २०२० मध्ये इकडे टोळधाडीच्या बातम्या चालू असताना तमिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात रुईवर आणि केळीवर असेच किडे दिसले आणि टोळ आले अशी हाकाटी झाली. पाहणी झाली तेव्हा ते स्थानिक नाकतोडे निघाले. रंगावर गेले की असे होते.

टोळ : तीन नावे लक्षात ठेवा

१. वाळवंटी टोळ. खरी धाड याचीच. लांबी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर. वरच्या पंखांवर तपकिरी ठिपके, आतला पंख काचेसारखा, त्यात गडद पट्टा नाही. गळ्याखाली सरळ, बोथट खुंटी. थव्यात गुलाबी किंवा पिवळा. हा जन्मतो आफ्रिका, अरबस्तान, इराण, पाकिस्तान आणि आपला राजस्थान इथल्या कोरड्या मुलखात. महाराष्ट्रात तो वाऱ्याबरोबर पाहुणा म्हणून येतो. २०२० च्या धाडीचे मूळ २०१८ साली अरबस्तानच्या निर्मनुष्य वाळवंटात पडलेल्या चक्रीवादळांच्या पावसात होते. तिथे तो गुपचूप वाढला आणि दोन वर्षांनी आपल्या संत्र्यावर उतरला.

२. मुंबई टोळ. हा आपल्याच घरचा. पाठीवर डोक्यापासून मागे जाणारा फिकट दुधी पट्टा आणि आतल्या पंखाच्या मुळाशी लालसर झाक. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतो, वर्षात एकच पिढी, आणि थंडीत सह्याद्रीच्या जंगलात आसरा घेतो. एकोणिसाव्या शतकात याच्या धाडी पडत. १९०१ ते १९०८ ही त्याची शेवटची मोठी धाड. आजही डोंगराळ भागात तो एकेकटा सापडतो. एखादा सापडला म्हणून घाबरू नये.

३. स्थलांतरी टोळ. आकाराने वाळवंटी टोळासारखाच, पण गळ्याखाली खुंटी नसते आणि छातीची खालची बाजू केसाळ असते. आपल्याकडे याचे थवे क्वचितच. वाळवंटी टोळ आणि हा यांत शंका आली तर किडा उलटा करून गळा चाचपावा. खुंटीने लगेच निकाल लागतो.

या सगळ्यांहून मोठी खूण म्हणजे वागणूक. एका काड्यापेटीत मावतो तो टोळ असला तरी ती टोळधाड नव्हे. टोळधाड आभाळात दिसते. भर उन्हात, वाऱ्याच्या दिशेने, ढगासारखा थवा सरकत येतो आणि सूर्य कलल्यावर झाडांवर व पिकांवर उतरतो. नाकतोडे असे येत नाहीत. ते तुमच्याच बांधावर जन्मतात, तुमच्याच पिकात वाढतात आणि तिथेच मरतात.

अंडी सांगतात जात

किडा पळाला तरी अंडी पळत नाहीत. म्हणून ही ओळखही करून ठेवा.

फांदीवर, काडीवर वाळलेल्या फेसाचा कठीण, फिकट तपकिरी गोळा चिकटलेला दिसला तर ती खंडोबाच्या किड्याची अंडी. ती मोडू नका.

झाडाखाली एकेकट्या, कठीण, बीसारख्या गोळ्या पडलेल्या असतील तर त्या काडीकिड्याच्या. सोडून द्या.

बांधाच्या मातीत दोन-तीन इंच खोल, फेसाने चिकटलेला, तांदळासारख्या लांबट अंड्यांचा पुंजका निघाला तर तो नाकतोड्याचा. हा नष्ट करायचा.

वाळवंटी टोळ ओलसर, उघड्या, रेताड जमिनीत १० ते १५ सेंटिमीटर खोल अंडी घालतो. एका पुंजक्यात ८० च्या आसपास अंडी असतात. पिवळे टोळ उतरले आणि जमिनीत शेपट्या खुपसू लागले तर ती जागा खुंटी ठोकून ठेवावी आणि कृषी खात्याला दाखवावी. पिल्ले तिथूनच निघणार. गुलाबी टोळ अजून अंडी घालण्याच्या वयाचे नसतात.

नाकतोडा निघाला तर काय करावे?

नाकतोड्याचा बंदोबस्त औषधाने करण्याआधी कुदळीने करावा. आश्विन-कार्तिकात घातलेली अंडी बांधात आणि पडीक कडेला उन्हाळाभर झोपून राहतात आणि मृगाच्या पावसाने फुटतात. म्हणून चैत्र-वैशाखात शेताची खोल नांगरट करावी आणि बांधाची कड तीन-चार इंच खरवडून घ्यावी. उघडी पडलेली अंडी उन्हाने सुकतात, मैना, साळुंख्या आणि गायबगळे उरलेली टिपतात. बांध मात्र मोडू नये, माती पुन्हा थापून घ्यावी. एकट्याने करून थोडाच फायदा. शेजारच्या बांधावरची पिल्ले तुमच्याकडे येणारच. सगळ्या शिवाराने एका आठवड्यात केले तर त्या साली नाकतोडा दिसत नाही म्हणा ना.

पाऊस पडल्यावर पिल्ले आधी बांधावरच्या गवतात असतात. त्यांना पंख नसतात, हीच त्यांना गाठण्याची वेळ. गवत कापावे, हातजाळीने पिल्ले गोळा करावीत आणि गरज पडली तर पिकाच्या कडेच्या ओळींवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. तो असा करावा : ५ किलो निंबोळ्यांचा गर कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी फडक्यातून गाळावा. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे. त्याच दिवशी, संध्याकाळी फवारावे.

याहून जबर औषध लागेल असे वाटले तर ते दुकानदाराला विचारून न आणता कृषी खात्याच्या शिफारशीप्रमाणेच आणावे. आणखी एक. कुणाच्या माळ्यावर जुन्या काळची बी.एच.सी. भुकटी अजून पडली असेल तर ती वापरू नका. टोळ-नाकतोड्यांवर पूर्वी ती सर्रास धुरळत असत, पण १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे.

टोळधाड आली तर काय करावे?

वाळवंटी टोळ एक, वजन जेमतेम दोन ग्रॅम, पण रोज स्वतःच्या वजनाइतके खातो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि असा थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांचे अन्न फस्त करतो. दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर उडतो. म्हणून हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. आपल्या देशात टोळांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची स्वतंत्र संघटना १९३९ पासून आहे. पण तुमच्या शिवारात थवा उतरला हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

थवा दिसताच ग्रामपंचायत आणि तालुका कृषी अधिकारी यांना लगेच कळवावे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरावरही विचारता येते, त्याला पैसे पडत नाहीत. कळवताना चार गोष्टी सांगाव्यात : थवा कोणत्या दिशेने आला, कुठे उतरला, किती एकर व्यापले, आणि रंग गुलाबी की पिवळा. इथे मात्र रंग जरूर सांगावा, त्यावरून टोळाचे वय कळते.

दिवसा थवा उतरू पाहत असेल तर ढोल, डबे, थाळ्या वाजवून आणि धूर करून त्याला बसू न देणे हा जुना उपाय चालतो. पण तुम्ही हाकललेला थवा शेजारच्या गावावर बसतो, म्हणून पुढच्या गावाला निरोप द्यावा. एकदा संध्याकाळी थवा बसला की वाजवणे थांबवावे. रात्री गारठ्याने टोळ जागचा हलत नाही, आणि सकाळी ऊन अंगाला लागल्यावरच उडतो. फवारणी त्याआधी झाली पाहिजे. २०२० मध्ये विदर्भात ट्रॅक्टरवरचे पंप आणि अग्निशमन दलाच्या गाड्या लावून रात्री-पहाटे फवारण्या केल्या, त्या याच कारणाने. फवारणी झालेल्या जागी गुरे सोडू नयेत आणि मेलेले टोळ कोंबड्यांना घालू नयेत.

थोडक्यात, भिंतीवर लावण्यासाठी

१. आधी पाय, मग मिशा, मग खोगीर, मग गळा, मग पंख. रंग शेवटी.
२. सहाही पाय काड्यांसारखे : काडीकिडा. सोडून द्या.
३. पुढचे पाय विळ्यासारखे : खंडोबाचा किडा. जपा.
४. मागच्या मांड्या जाड, बांधावर जन्मलेला : नाकतोडा. उन्हाळ्यात बांध खरवडा.
५. मागच्या मांड्या जाड, गळ्याखाली बोथट खुंटी, आभाळातून थव्याने आलेला : वाळवंटी टोळ. त्याच संध्याकाळी कळवा.
६. ओळख पटेपर्यंत पंपाला हात लावू नका.

तर मंडळी, उद्या सकाळी वावरात गेलात की एक नाकतोडा धरून त्याचा गळा चाचपून बघा. पोरांनाही शिकवा, त्यांची नजर आपल्याहून तेज असते. शंका राहिलीच तर काड्यापेटी आहेच. फक्त एक विनंती : किडा पाठवताना पेटीत थोडा कापूस घाला, म्हणजे पाय तुटत नाहीत, आणि तो कोणत्या पिकावर, कोणत्या दिवशी, किती संख्येने दिसला ते चिठ्ठीत लिहा. किडा ओळखायला त्या चिठ्ठीची अर्धी मदत होते.

रामराम.